दमानं जाय! पडणारं संत्रं रंगमंचावर मंदावण्याची कृती

मुलांच्या नाटकात एक जादू अशी असते की जी संहितेत एका ओळीत लिहून होते आणि तालमीत सगळ्यांना घाम फोडते. पडणारी, धावणारी वस्तू मंत्र म्हटल्याबरोबर हळू होते, ती ही जादू. माणूस गायब करायचा असेल तर अंधार मदतीला येतो. मंदावणं मात्र भर उजेडात, पहिल्या रांगेतल्या आजींच्या डोळ्यांदेखत व्हावं लागतं. म्हणून बहुतेक मंडळी शेवटी निळा लाइट मारतात, सिंथेसायझरवर एक लांब सूर धरतात आणि प्रेक्षकांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा करतात. एवढी शरणागती पत्करायची गरज नाही.

ही कृती गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मंचासाठी आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी आहे. नागपूरच्या देशपांडे सभागृहात किंवा सायंटिफिक सभागृहात प्रयोग असेल तर वर दोरे बांधायला पक्की जागा मिळते, मंडपात बांबूवर भागवावं लागतं, एवढाच फरक. प्रसंग असा धरू: सीताबर्डीचा मेन रोड, गर्दी, संत्र्यांचा ठेला. मागून स्कूटर घासून जाते, आजोबांच्या डोक्यावरचं टोपलं कलंडतं आणि नात मंत्र म्हणते.

आधी ठरवा, मंदावतंय काय?

वेळ मंदावते की वस्तूचा वेग? ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण डोळ्यांना दिसायला अगदी वेगळं असतं. सामान पुढे काय घ्यायचं तेही याच उत्तरावर ठरतं.

टोपलं आजोबा झालेल्या मुलाच्या डोक्यावर आहे, म्हणजे संत्र्याला साधारण १२८ सेंटिमीटर खाली यायचंय. मंत्र नसेल तर त्याला अर्धा सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदाचे चार सारखे भाग केले तर पहिल्या भागात संत्रं ८ सेंटिमीटर पडतं, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ४० आणि चौथ्यात ५६. गॅलिलिओने दाखवलेलं १, ३, ५, ७ हे प्रमाण ते हेच. आता मंत्राने वेळच ताणली असेल, तर हे प्रमाण तसंच राहायला हवं. संत्रं हळू पडेल, पण सुरुवातीला रेंगाळेल आणि जमिनीजवळ येताना वेग घेईल. मंत्राने फक्त वेगाला लगाम घातला असेल, तर वेग वाढणारच नाही. संत्रं एकाच चालीने, प्रत्येक मोजणीला ३२ सेंटिमीटर असं, लिफ्टसारखं खाली येईल.

बहुतेक नाटकांत पहिला प्रकार लिहिलेला असतो आणि दुसरा दाखवला जातो. कोणी बोट ठेवून सांगत नाही, पण काहीतरी खोटं वाटत राहतं. दोन्ही प्रकार करता येतात, फक्त एकाच प्रसंगात दोन्ही मिसळू नका. माझं मत विचाराल तर मोठ्या मंचावर वेळ ताणणारा मंत्र घ्या आणि स्टॉलवर किंवा वर्गात वेगाला लगाम घालणारा.

वेळ ताणायची असेल तर: दोरा, कप्पी, वाळूची बाटली

संत्र्याला दोरा बांधून तो वरच्या कप्पीवरून पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या टोकाला संत्र्यापेक्षा थोडं हलकं वजन लावायचं. दोन वजनांतला फरक जितका कमी, तितकं पडणं सावकाश. जॉर्ज अ‍ॅटवुड या इंग्रज शास्त्रज्ञाने १७८४ साली पडण्याचे नियम सावकाशीने मोजता यावेत म्हणून याच रचनेचं वर्णन केलं. आपल्या कामाचा भाग असा की यात पडणं मंदावतं, पण १, ३, ५, ७ हे प्रमाण जसंच्या तसं राहतं. वेळ ताणल्याचा भास देणारं याहून स्वस्त साधन नाही.

आकडे असे. संत्रं १५० ग्रॅमचं आणि पलीकडची बाटली १३० ग्रॅमची घेतली, तर १२८ सेंटिमीटर यायला कागदावर जवळजवळ दोन सेकंद लागतात. म्हणजे नेहमीच्या चौपट. प्रत्यक्षात कप्पीच्या घर्षणामुळे आणखी थोडा वेळ लागतो. चार सेकंद हवेत म्हणून बाटली १४५ ग्रॅमवर नेलीत तर घर्षणच जिंकतं आणि संत्रं अर्ध्यात लटकून राहतं. दोन सेकंदांवर समाधान माना. मंचावर दोन सेकंद पुष्कळ असतात.

कप्पी कुठली घ्यावी? हार्डवेअरच्या दुकानात पडद्याच्या दोरीची प्लास्टिकची कप्पी मिळते, ती घेऊ नका, घासते. स्लायडिंग खिडकीच्या तळाला बेअरिंगवालं चाक असतं, ते मागा. बोटाने फिरवून सोडलं की बराच वेळ फिरत राहील असं निवडा. प्रत्येक संत्र्याला दोन चाकं लागतात, एक टोपल्याच्या वरच्या बांबूवर आणि दुसरं विंगेत, म्हणजे बाटली पडद्यामागे वर चढेल. पाव लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या आणि चहाच्या चमच्याने वाळू घालत-काढत वजन जुळवा. इथे घाई करू नका. एक चमचा इकडेतिकडे झाला तरी पडण्याची चाल बदलते.

दोऱ्याबद्दल थोडं सविस्तर. सगळे पारदर्शक तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा धागा, आणायला धावतात, कारण पारदर्शक म्हणजे दिसणार नाही असं वाटतं. पण मंचाच्या दिव्यात तंगूस चमकतो. काळ्या पडद्यासमोर न चमकणारा काळा शिलाईचा दोरा, दुपदरी करून, त्याच्यापेक्षा कितीतरी कमी दिसतो. प्रकाश बाजूने, विंगेतून टाका, म्हणजे संत्रं उजळतं आणि मागचा पडदा काळाच राहतो. संक्रांतीला उरलेला नायलॉन मांजा घरात सापडला तरी तो वापरू नका. त्यावर बंदी आहे, आणि बंदी का आली ते नागपूरकराला सांगायला नको.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे नुसती गाठ मारली तर दोरा साल फाडून वर निघून येतो. दाभणाने देठापासून खालपर्यंत आरपार ओवा, खाली शर्टाचं बटण लावा आणि त्यावर गाठ मारा. बटण नारिंगी रंगवलं की झालं. प्रयोग गणपतीत असेल तर पिकलेली नागपुरी संत्री सहसा मिळणार नाहीत, अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, फळं त्यानंतर येतात. तेव्हा नारिंगी रबरी चेंडू घ्या, छोटं भोक पाडून वाळू भरा, भोक चिकटपट्टीने बंद करा आणि वजन १५० ग्रॅमला आणा.

दोऱ्याची संत्री तीनच ठेवा. चौथ्या संत्र्याला दोरे एकमेकांत अडकतात.

वेगाला लगाम: तांब्याची नळी

विज्ञान प्रदर्शनात, वर्गात किंवा घरच्या हॉलमध्ये, म्हणजे प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतील तिथे, दोरा चालत नाही. तिथे चुंबक.

एसी दुरुस्त करणाऱ्याकडून मीटरभर सरळ तांब्याची नळी आणा. नळीच्या आतल्या पोकळीहून दोन-एक मिलिमीटर कमी व्यासाच्या निओडायमियम या जोरदार चुंबकाच्या चकत्या घ्या आणि चार-पाच एकमेकींना चिकटवून कांडी करा. तेवढ्याच आकाराचा एक लोखंडी बोल्टही घ्या. नळी उभी धरा, आधी बोल्ट सोडा. अर्ध्या सेकंदाच्या आत तो खाली खण्णकन वाजतो. मग मंत्र म्हणा आणि चुंबक सोडा. त्याला काही सेकंद लागतात. बघणारा वरून नळीत डोकावला तर त्याला ती कांडी कुठेही न अडकता, रमतगमत खाली जाताना दिसते. नळीची भिंत जितकी जाड, तितकी चाल मंद. अ‍ॅल्युमिनियमचीही चालते, पण तांब्यापेक्षा परिणाम कमी. लोखंडी नळी घेतलीत तर चुंबक आत चिकटून बसेल, आणि पीव्हीसीच्या नळीत मंत्राचा काही उपयोग होणार नाही.

तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग हे होतं कसं? चुंबक सरकला की नळीच्या भिंतीत त्या-त्या ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तिथे गोल फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात. हे प्रवाह ज्या हालचालीने जन्माला आले तिलाच विरोध करतात. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला. घरोघरी पूर्वी जे चकतीचं वीजमीटर असायचं, त्यातली अ‍ॅल्युमिनियमची चकती सुसाट सुटू नये म्हणून शेजारी चुंबक बसवलेलं असायचं, तेही याच तत्त्वावर.

या नळीतून मंत्राचे दोन नियम आयते मिळतात, आणि ते नाटकात वापरण्यासारखे आहेत. पहिला: मंत्र वस्तूला हळू करतो, थांबवत नाही. चुंबक पूर्ण थांबला तर प्रवाहही थांबेल, विरोधही संपेल आणि तो पुन्हा पडू लागेल. म्हणजे मंत्र म्हणणाऱ्या नातीला संत्री हवेत टांगून ठेवता येणार नाहीत. तिला फक्त थोडी उसंत मिळेल, आणि तेवढ्यात तिने काय केलं यावर प्रसंग रंगेल.

दुसरा नियम मला जास्त आवडतो. बारीक मोजणाऱ्या लटकत्या काट्याला नळी टांगा आणि चुंबक सोडा. चुंबक एकाच चालीने उतरत असतो तेव्हा काटा नळीचं आणि चुंबकाचं मिळून वजन दाखवतो, चुंबक नळीवर टेकलेलं नसताना! मंदावलेल्या वस्तूचा भार कुठे तरी जातोच. मग मंत्र म्हणणाऱ्यावर तो का जाऊ नये? तीन संत्र्यांचा भार म्हणजे अर्धा किलोही नाही, मुलीचा हात जरा खाली झुकेल. पण तिने संत्री सोडून स्कूटरच मंदावायची ठरवली तर? ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. स्कूटर आणि चालक मिळून १७० किलो धरले तर एका सेकंदात थांबवायला जवळपास १९० किलो वजनाइतका जोर लागतो. इतका भार दहा वर्षांच्या मुलीवर आला तर ती आडवी होईल. लेखकाने हे आधी ठरवून ठेवलं की मधल्या अंकात "मग तिने बसच का नाही अडवली?" हा प्रश्न प्रेक्षकांतून येत नाही.

फुग्यांचा मार्गही आहे, झटपट करायचं असेल तर. डोक्याएवढा नारिंगी फुगा फुगवून, हिरव्या कागदाचा देठ लावून सोडला तर दोन मीटर यायला त्याला दीड-दोन सेकंद लागतात आणि चालही बरीचशी एकसारखी असते. राक्षसी संत्र्याची गोष्ट असेल तर उत्तम. अडचण एकच, मंडपातले पंखे आणि कूलर बंद करावे लागतात. नागपूरच्या सप्टेंबरात प्रेक्षकांकडून एवढा त्याग मागायचा की नाही ते मंडळाने ठरवावं. ग्लिसरीनच्या बाटलीत गोटी सोडण्याचा प्रयोग वर्गापुरता ठीक आहे. फक्त लक्षात ठेवा, ग्लिसरीन थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात पातळ होतं, त्यामुळे डिसेंबरात जुळवलेली मोजणी मे महिन्यात फसेल.

शेजारी काहीतरी नेहमीच्या वेगाने चालू ठेवा

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच. सगळा मंच मंदावला तर प्रेक्षकांना वाटतं नट दमले. हळू दिसायला शेजारी जोरात चाललेलं काही लागतं. नळीजवळ बोल्ट म्हणूनच हवा.

म्हणून मंत्राला हद्द द्या. ठेल्याभोवती सहा फुटांचं खडूचं रिंगण, एवढ्यातच मंत्र चालतो. रिंगणाबाहेर एक चहावाला बसवा. तो एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात चहा उंचावरून ओततच राहील. पडणाऱ्या चहाचा वेग कोणीही खोटा करू शकत नाही, आणि प्रत्येक प्रेक्षकाने तो हजारदा पाहिलेला असतो. एका बाजूला चहाची धार सर्रकन खाली येतेय आणि दोन हात अंतरावर संत्रं तरंगत उतरतंय, हे एकदा डोळ्यांना दिसलं की मंत्र पटतो. चहावाल्याने मात्र संत्र्याकडे बघायचं नाही. त्याने बघितलं की सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात.

लाइट बदलू नका. रंग बदलला की आधीच्या वेगाची आठवणच पुसली जाते. भगभगणारा स्ट्रोब लाइट तर अजिबात नको. त्यात हालचाल तुटक दिसते, मंद नाही, आणि फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलाला तो धोक्याचा ठरतो.

ढोलकीवाल्याला मात्र जरूर वापरा. मंत्र होईपर्यंत तो आहे त्या लयीत वाजवतो, मंत्र होताच निम्म्या लयीवर येतो, पण ठेका तोच ठेवतो. ठेका बदलला तर नवं गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं.

मंत्र कधी म्हणायचा

संत्रं अर्ध्या सेकंदात जमिनीवर. एवढ्यात "ओम फट्" सुद्धा नीट होत नाही. म्हणून मंत्राचे दोन तुकडे करा. लांब भाग आधी, धोका दिसताच, पुटपुटत म्हणायचा. वऱ्हाडी बाजाचं काहीतरी चालेल, उदाहरणार्थ "जाय बापा जाय, दमानं जाय". आणि सोडण्याचा इशारा एका शब्दाचा: "दम!" तो टाळीसारखा ठसक्यात यायला हवा, कारण विंगेत बाटली धरून बसलेला मुलगा त्याच शब्दावर बाटली सोडणार असतो. संस्कृतचा आव आणलेले जोडाक्षरी मंत्र लहान मुलांच्या तोंडात अडकतात आणि विंगेतल्या मुलाला इशारा कुठला तेच कळत नाही.

क्रम असा लावा. स्कूटर घासून जाते. टोपलं कलंडतं. पहिली दोन-तीन संत्री साधीच, बिनदोऱ्याची, धपाधप पडतात आणि घरंगळत रिंगणाबाहेर जातात. ठेलेवाला ओरडतो, "अरे बाप्पा, काय करून राहिला!" या ओरडण्याच्या आडोशाला मुलीचं पुटपुटणं. मग "दम!" आणि दोऱ्याची तीन संत्री. आधी नेहमीचं पडणं दाखवल्याशिवाय मंद पडणं दाखवू नका.

नटांची तालीम

फोनमध्ये स्लो मोशन आहे, ते शेवटच्या जाहिरातीसाठी नको, पहिल्या तालमीसाठी वापरा. सेकंदाला २४० चित्रं घेऊन ३० ने दाखवली की सगळं आठपट सावकाश दिसतं, म्हणजे संत्र्याचा अर्धा सेकंद चार सेकंदांचा होतो. मुलांना अंगणात, भर उन्हात, खरं टोपलं सांडू द्या आणि चित्रण करा. घरात केलंत तर बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकताना व्हिडिओत दिसतील, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

मग ते चित्रण सगळ्यांनी बसून पाहा. काय दिसतं? आधी डोळे वळतात, मग मान, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी येतो. ओरडायला उघडलेलं तोंड उघडंच राहतं. गाल थरथरतो. अभिनय म्हणून मंद चालणारी मुलं हे सगळं एकदम करतात, म्हणून ती पाण्यात चालल्यासारखी दिसतात. डोळे-मान-खांदा-हात हा क्रम पाठ करून घ्या आणि "एक हजार एक, एक हजार दोन" अशा मोजणीवर बसवा. दोन मोजण्यांत संपवायचं.

अंगावरच्या वस्तू फितूर होतात. मुलगी कितीही सावकाश वळली तरी तिची ओढणी आणि मोकळे केस नेहमीच्याच वेगाने खाली येतात. रिंगणातल्या सगळ्यांच्या वेण्या घट्ट, ओढणी नाही, धोतराचा सोगा खोचलेला. पापण्या सावकाश मिटता येत नाहीत, तेव्हा त्या दोन सेकंदांत मिटूच नका. आणि उडी? उडी कोणालाच मंद करता येत नाही. संहितेत असेल तर खोडून टाका.

भार हातावर येतो हे मुलीला सांगून जमत नाही, पाण्याने भरलेली लिटरची बाटली तिच्या पसरलेल्या हातात द्या. दंड कुठे ताणला जातो, कोपर कसं वाकतं हे एकदा अंगाने कळलं की बाटली काढून घ्या.

शेवटची सावधगिरी

निओडायमियमचे चुंबक लहान मुलांच्या हाती एकटे देऊ नका. दोन चकत्या गिळल्या गेल्या तर त्या आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. बोटं चिमटतात ती वेगळीच. पेसमेकर असलेल्या आजोबांना स्टॉलपासून लांब बसवा. कोणी चमत्कार समजून हात जोडू लागलं तर गूढ चेहरा न करता नळी आणि बोल्ट त्यांच्याच हातात द्या, दोनदा टाकून बघितलं की त्यांनाही मजा येते.

काळा दोरा प्रेक्षकांना दिसत नाही तसा तो सकाळी आरतीला येणाऱ्यांनाही दिसणार नाही, आणि बरोबर गळ्याच्या उंचीवर असतो. प्रयोग संपला की त्याच रात्री, दिवे मालवायच्या आधी, बांबूवरचे सगळे दोरे कापून मोजून घ्या. तीन बांधले होते तर तीन हातात आले पाहिजेत.